गोव्यातल्या गावात मोठे घर भाड्याने घेताना: छप्पर, विहीर, वाट आणि कागद

गोव्यातली जुनी, मोठी घरे बहुतेक जण नोव्हेंबर ते मार्च या काळात पाहतात. ऊन कोवळे असते, भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो, चौकातली तुळस टवटवीत असते. घराची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पणजीत या चार महिन्यांत अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सांगे-वाळपईकडे त्याहूनही जास्त. तेव्हा डिसेंबरात घर पाहत असाल तरी प्रत्येक खोलीत उभे राहून एकच प्रश्न विचारायचा: जुलैत इथे काय होत असेल?

इथे मोठे घर म्हणजे अडीचशे-तीनशे चौरस मीटरवर पसरलेले, सात-आठ खोल्यांचे, मधे चौक किंवा राजांगण, मागे विहीर आणि भोवती भाट (माडा-फळझाडांची बागायत) असलेले घर. मालक पुष्कळदा मुंबईत, लंडनमध्ये किंवा लिस्बनमध्ये असतो. त्यामुळे देखभालीचे रोजचे ओझे भाडेकरूवर येते, आणि ते किती आहे हे आधी मोजलेले बरे.

किमान तीन फेऱ्या मारा: एक भर दुपारी, एक रात्री नऊनंतर, आणि शक्य असेल तर एक पावसात. पहिल्या फेरीला चांगली टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, पाच मीटरची टेप, एका टोकाला वजन बांधलेली पंधरा-वीस मीटर दोरी, पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणि सॉकेटमध्ये खुपसून अर्थिंग दाखवणारा टेस्टर बरोबर न्या. येण्याच्या आदल्या दिवशी घर उघडून हवा खेळवू नका, असे मालकाला किंवा राखणदाराला सांगून ठेवा. बंद घराचा वास पुष्कळ सांगतो. कुबट वास एकाच खोलीत असेल तर गळतीचा संशय घ्या, सगळ्या घरात असेल तर तळओलीचा. माळ्यावरून येणारा उग्र वास वटवाघळांचा किंवा कांडेचोराचा (उदमांजराचा).

छप्पर: इथे तासभर द्या

मंगळुरी कौलांचे छप्पर साधे असते, पण ते दर वर्षी माणसाचा हात मागते. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात. तीनशे चौरस मीटरच्या घराला तीस अंशांचा उतार धरला तर छपराचे क्षेत्रफळ साडेतीनशेच्या आसपास जाते, म्हणजे पाच हजारांहून जास्त कौले. त्यातली पाच टक्के फुटली-सरकली तरी अडीचशे कौले बदलायची. माकडे आणि वानर छपरावरून उड्या मारत जाणाऱ्या गावात हा आकडा आणखी वाढतो. झाडांच्या फांद्या छपराला टेकत असतील तर तीच त्यांची वाट, असे समजा.

दुपारी बाराच्या सुमाराला माळ्यावर चढा, दिवे बंद करा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. कौलांच्या जोडावर प्रकाशाच्या बारीक रेषा दिसतात, त्या काळजीच्या नाहीत. हवा तिथूनच खेळते. गोल ठिपका किंवा बोटभर फट दिसली की तिथे कौल फुटले आहे किंवा घसरले आहे. मग आढ्याकडे पाहा. आढे सरळ रेषेत आहे की मधे वाकले आहे? ते वाकले किंवा वासे दबले, की पाख्याचा उतार तेवढ्यापुरता कमी होतो, पाणी संथ वाहते आणि वाऱ्याबरोबर आलेला पाऊस कौलांच्या जोडातून उलटा आत शिरतो. अशा ठिकाणी नवी कौले घालून गळती थांबत नाही, आधी लाकूड बदलावे लागते. म्हणूनच ‘मे महिन्यात कौले परतून देतो’ हे मालकाचे आश्वासन आढे पाहिल्याशिवाय स्वीकारू नका.

लाकूड कुजते ते बहुधा टोकाला, जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे. वळचणीजवळच्या त्या जागी स्क्रू-ड्रायव्हर दाबा. साग किंवा माडत (ऐन) असेल तर टोक जेमतेम रुतते. सहज पाच-सहा मिलिमीटर आत गेले तर लाकूड गेलेले आहे. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर एक बोटभर तुकडा मोडून ठेवा आणि पुढच्या फेरीला पाहा. नळी पुन्हा जोडलेली असेल तर वाळवी जिवंत आहे. वाशांखाली फिकट, ताजा भुसा पडलेला असेल तर भुंगा लागलेला आहे. भुसा जुना आणि काळपट असेल तर घाबरायचे कारण नाही.

चौक असलेल्या घरात सर्वांत आधी गळतात ते चौकाचे चार कोपरे. दोन पाखी तिथे आत येऊन मिळतात आणि सगळे पाणी पत्र्याच्या एका पन्हळीतून जाते. ही पन्हळ सांध्यावर गंजते किंवा फणसाच्या पानांनी तुंबते, आणि पाणी मागे उलटून थेट भिंतीत उतरते. कोपऱ्याखालच्या भिंतीवर तपकिरी ओघळ किंवा छताच्या फळ्यांवर चहाच्या रंगाची वर्तुळे शोधा. नव्या रंगाखाली ती झाकलेली असतील तर टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपी धरा, फुगवटे दिसतात.

जुन्या कौलांची एक अडचण नवख्यांना माहीत नसते. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांचे साचे वेगळे असतात. एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत बसत नाही. मागच्या पडवीत त्याच छापाची शे-दोनशे जुनी कौले रचून ठेवलेली असतील तर त्या घराची निगा राखली जाते असे मानायला हरकत नाही. नसतील तर ती कुठून मिळणार, हे विचारा.

शाकारणीची कामे एप्रिलमध्ये ठरवावी लागतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात कौले परतणारा माणूस मिळणे जवळपास अशक्य, कारण तेव्हा सगळ्या गावाला तोच हवा असतो. त्याचा पत्ता मालकाकडून न घेता शेजाऱ्याकडून घ्या. या घरावर तो शेवटचा कधी चढला होता, हेही शेजारीच खरे सांगेल.

भिंती

चिरा (जांभा दगड) सच्छिद्र असतो आणि जमिनीतले पाणी वर शोषून घेतो. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा असे. तो ओल बाहेर टाकायचा. अलीकडे दुरुस्ती म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग दिला जातो. ओल आत अडकते, आणखी वर चढते आणि कमरेच्या उंचीवर पापुद्रे निघतात, लोणा लागतो. बोटाच्या पेराने भिंत ठोकत चला. पोकळ आवाज येईल तिथे गिलावा सुटलेला आहे. ओलीची रेषा जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा. फूटभर ओल पावसाळ्यात बहुतेक जुन्या घरांत असते, तिच्यासह राहता येते. तीन-चार फुटांवर असेल तर त्या भिंतीला कपाट, पलंग, पुस्तके काहीच लावता येणार नाही, म्हणजे तितकी खोली कमीच झाली. मे महिन्यात पुरुमेंताचा बाजार करून वर्षाचे धान्य-मसाले भरायचे असतील तर कोठीची खोली याच नजरेने तपासा.

भिंतीत उभी किंवा तिरपी भेग दिसली तर तिच्यात वही-कागदाचा तुकडा सरकवून पाहा. कागद जाईल एवढी भेग साधी. पूर्ण बोट जाईल, किंवा दाराच्या चौकटीवरून कोपऱ्यापर्यंत वर चढत जाणारी असेल, तर पाया खचतो आहे. मातीच्या भिंतींच्या घरांत हे अधिक गंभीर असते: जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी आणि डिचोलीकडे अशी बरीच घरे कोसळली. घर चिऱ्याचे की मातीचे, हे गिलाव्यामुळे कळत नाही. मागच्या पडवीत किंवा गोठ्यात गिलावा नसलेली भिंत शोधा.

विहीर आणि नळ

विहिरीत पाणी दिसते आहे एवढ्यावर समाधान मानू नका. दोरी सोडून पाण्याची खोली मोजा, विहिरीचा व्यास मोजा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक सेंटीमीटर खाली-वर झाले म्हणजे साधारण सत्तर लिटर. दोन मीटर पाणी असेल तर चौदा हजार लिटर. आता पंप तासभर चालवा आणि पाणी किती उतरले ते पाहा, मग पंप बंद करून तासभर थांबा. तीस सेंटीमीटर उतरून दहा वर आले, तर झरा तासाला सातशे लिटर देतो आहे. सहा माणसांच्या घराला दिवसाला आठशे लिटर पुरतात; बाग शिंपायची असेल तर हिशेब वेगळा.

ही चाचणी एप्रिल-मेमध्येच खरी ठरते. जुलैत प्रत्येक विहीर भरलेली असते. इतर महिन्यांत पाहत असाल तर विहिरीच्या आतल्या भिंतीवर सर्वांत खालचे शेवाळ कुठे संपते ते बघा आणि शेजारी विचारा, ‘टँकर कुठल्या महिन्यात मागवता?’ ‘मागवता का’ असे विचारले तर सभ्यपणे नाही म्हणतात.

चिऱ्याच्या पट्ट्यातले पाणी हलके पण किंचित आम्लधर्मी असते. नळाच्या पितळेवर निळसर-हिरवे डाग दिसतात ते त्यामुळेच. तळाला लालसर गाळ आणि वर तेलकट तवंग आला तर लोह आणि त्यावर जगणारे जिवाणू समजा. हे पाणी कपड्यांना डाग पाडते. पिण्यासाठी गाळणीची सोय करावी लागते. खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या) शेतांजवळच्या घरात मे महिन्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीनंतर टीडीएस मोजा. पाचशेच्या वर गेला तर खारे पाणी शिरते आहे, आणि त्याला घरगुती उपाय नाही.

शोषखड्डा विहिरीपासून पंधरा मीटरपेक्षा जवळ नको. चिऱ्याच्या जमिनीत तर वीस-पंचवीस मीटरही जास्त नाहीत, कारण पाणी खडकातल्या भोकांतून पुष्कळ दूर जाते. जिवाणू तपासणीची हायड्रोजन सल्फाइडची कुपी औषधाच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. पाणी भरून ठेवल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर मैला मिसळतो आहे. विहीर शुद्ध करायला हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते, म्हणजे वरच्या उदाहरणात पस्तीस ग्रॅम. रात्री मिसळून सकाळी उपसायला सुरुवात करावी. पण शोषखड्डाच जवळ असेल तर पावडर दर पंधरवड्याला टाकत बसावी लागेल, आणि ते घर लहान मुलांसाठी घेऊ नये.

मैल्याची टाकी शेवटची कधी उपसली, झाकण कुठे आहे आणि उपसणारा टँकर तिथपर्यंत पोचतो का, हे तीनही विचारा. सखल जागी पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि शौचालयाचे पाणी उतरत नाही.

सरकारी नळ असेल तर तो किती वाजता येतो आणि किती वेळ टिकतो ते पाहा. दक्षिणेत साळावली धरणाचे, फोंडा-तिसवाडीकडे ओपा जलप्रकल्पाचे पाणी येते. योजना मोठी असली तरी गावाच्या टोकाच्या वाड्यावर (वस्तीवर) दाब कमी असतो. नळाखाली वीस लिटरची बादली ठेवून ती भरायला किती मिनिटे लागतात ते मोजा, आणि जमिनीखालची टाकी असल्याशिवाय वरच्या टाकीवर भरवसा ठेवू नका.

वीज आणि नेटवर्क

वीजबिल मागा आणि त्यावरचा मंजूर भार पाहा. तीन एसी, एक गिझर आणि पंप एकदम चालले तर सात-आठ किलोवॅट लागतात. एक-फेज जोडणी त्याला पुरणार नाही. रात्री आठच्या सुमाराला मल्टिमीटरने दाब मोजा. दोनशे व्होल्टच्या खाली जात असेल तर फ्रिज आणि पंप वारंवार जळतील. सॉकेट टेस्टरने प्रत्येक खोलीतले अर्थिंग तपासा. जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगमध्ये ते नसतेच, आणि जिथे असते तिथे मे महिन्यात चिऱ्याची जमीन सुकल्यावर निकामी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची सोय हवी. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय ओल्या भिंतींच्या घरात राहायला जाऊ नका. हा खर्च मालकाचा.

जूनमध्ये माडाची झावळी तारेवर पडली की वाड्याची वीज कित्येक तास जाते. १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर चार पंखे आणि सात-आठ दिवे साधारण तीन तास चालतात. त्यावरून तुमची गरज ठरवा.

मोबाइलचे सिग्नल बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसून तपासू नका. दीड-दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींतून ते आत येत नाहीत. जिथे बसून काम करायचे त्याच खोलीत, दार लावून तपासा. फायबर ‘गावात आहे’ आणि ‘या वाड्यावर आहे’ यांत फरक असतो.

परिसर

घराच्या सभोवती अर्धा किलोमीटर पायी फिरा, गाडीतून नको. नदी, ओढा, खाजन बांध आणि मानस (बांधातली पाणी सोडायची-अडवायची दारे) कुठे आहेत ते पाहा. मुसळधार पाऊस आणि अमावास्येची भरती एकत्र आली की सखल भागातले पाणी समुद्राकडे उतरत नाही, रस्त्यावरच थांबते. घर उंचावर असूनही वाट पाण्याखाली जाते, आणि हे घर पाहताना सुचतच नाही. जवळच्या पोसऱ्यावर (दुकानात) विचारा: पावसात ही वाट कधी बंद होते? वाळवंटी नावाच्या नदीच्या काठावरच्या साखळीसारख्या भागात किंवा तिळारी धरणाच्या विसर्गाचा परिणाम होणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या पट्ट्यात हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दिवाडी किंवा चोडणसारख्या बेटावर घर घ्यायचे असेल तर शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते आणि सकाळी कामाच्या वेळी रांग किती असते, हे स्वतः उभे राहून पाहा. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यात खनिजाच्या ट्रकांचा रस्ता घरासमोरून जातो का ते विचारा. ट्रक पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा पाहिलेला शांत रस्ता फसवतो. किनाऱ्याजवळच्या बार्देशमध्ये शनिवारी रात्री अकराला जा. आसगाव-शिवोलीसारख्या गावांत संगीताचा आवाज शेतांवरून लांब येतो. मोपा आणि दाबोळी, दोन्ही विमानतळांच्या मार्गाखाली रात्रीची विमानेही ऐका.

रुग्णालय किती किलोमीटरवर आहे यापेक्षा रात्री पावसात किती मिनिटांवर आहे ते मोजा. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालये, फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय यांपैकी सर्वांत जवळचे कोणते ते लिहून ठेवा; रुग्णवाहिकेसाठी १०८. भाटात आणि कुळागरात (सुपारीच्या बागेत) नाग, घोणस, फुरसे, मण्यार हे चारही विषारी साप असतात. चिऱ्यांचा ढीग आणि सुक्या झावळ्या घराला चिकटून नसाव्यात, दारांच्या खालच्या फटी बुजवलेल्या असाव्यात. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तिथे जंगलालगत घर घेतलेत तर डिसेंबर ते मे गोचिडींपासून जपा आणि मेलेले माकड दिसल्यास आरोग्य केंद्राला कळवा.

घर नेमके कुणाचे

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, आणि वारसांचे हिस्से ठरलेले असतात. इन्व्हेंतार (वारसांमधली वाटणी ठरवण्याची कायदेशीर प्रक्रिया) झाला नसेल तर एका घराचे दहा-पंधरा हिस्सेदार असणे नवल नाही. चावी एकाकडे असते, हक्क सगळ्यांचा. म्हणून जमिनीच्या हक्कनोंदीचा, म्हणजे फॉर्म १ व १४ चा उतारा, पंचायतीची घरपट्टीची पावती आणि वीजबिल शेजारी ठेवून नावे जुळतात का पाहा. जुळत नसतील तर मुखत्यारपत्र किंवा इतर हिस्सेदारांची लेखी संमती मागा. करारावर पती आणि पत्नी दोघांच्याही सह्या घ्या.

उताऱ्यावर कूळ किंवा मुंडकार म्हणून कुणाची नोंद आहे का, हेही वाचा. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या कुटुंबाची वाट तुमच्या अंगणातून जात असेल आणि तुमच्या विहिरीवर ते पाणी भरत असतील, तर ते चालूच राहणार. फाटकाला कुलूप लावायचा विचार असेल तर हे घर तुमच्यासाठी नाही.

दिवाणखान्याच्या छताला माटोळीची लाकडी चौकट टांगलेली दिसली, की चवथीला घराण्याचा गणपती इथेच बसतो असे समजा. देशोदेशीचे नातेवाईक येतील, आणि यावेच. ख्रिस्ती घरात सालीतला (दिवाणखान्यातला) ओरातोर म्हणजे देव्हारा आणि अंगणातला खुरीस (क्रूस) यांचेही तसेच: वर्षातून एकदा लदाइञ (सामूहिक प्रार्थना) होते, वाडा जमतो. किती दिवस, कोणत्या खोल्या, स्वयंपाकघर कुणाचे, हे आधी मोकळेपणी बोलून करारात लिहा. मोठ्या घरांतले बहुतेक तंटे याच दिवसांत होतात, आणि सगळे टाळता येण्याजोगे असतात.

करार

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो. ११ महिन्यांचा करार केलात तरी त्यात पुढील गोष्टी असू द्या: शाकारणी ३१ मेपूर्वी मालकाच्या खर्चाने, न केल्यास भाडेकरूने करून भाड्यातून वळती करायची. विहिरीचा पंप, टाकी उपसणे आणि वाळवीचे औषध कुणाकडे. नारळ कुणाचे आणि पाडेली (नारळ पाडणारा) कधी येणार (बहुधा नारळ मालक राखून ठेवतो, गाडी माडाखाली लावायची नाही). कुलूपबंद राहणाऱ्या खोल्या कोणत्या, आणि त्यांच्यावरचे छप्पर गळले तर आत जायची परवानगी कुणाची. ही शेवटची ओळ बहुतेक करारांत नसते, आणि पाणी नेमके बंद खोलीतूनच शेजारच्या भिंतीत उतरते.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे मालकाचे काम आहे, तरी पोच तुम्ही मागून घ्या. परदेशी पाहुणा राहायला आला तर त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म चोवीस तासांत भरायचा असतो. भाडे महिना ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर दोन टक्के टीडीएस (भाडे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो. मालक अनिवासी असेल तर ही मर्यादा लागू होत नाही आणि दरही बराच जास्त असतो, म्हणून आधी कर सल्लागाराला विचारा. खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतील तर मालकाची लेखी संमती आणि पर्यटन खात्याची नोंदणी, दोन्ही लागतात.

ताबा घेताना मालकाच्या माणसाबरोबर प्रत्येक खोली पाहत जा. शिसवी पलंग, आरसे, शिंपल्यांच्या खिडक्यांची तावदाने, लाल कोब्याच्या जमिनीवरच्या भेगा यांचे तारखेसह फोटो काढा. वीजमीटर आणि पाणीमीटरचे आकडे, विहिरीतल्या पाण्याची पातळी, भिंतींवरच्या ओलीची उंची आणि पडवीतल्या जादा कौलांची संख्या एका कागदावर लिहा, आणि त्यावर दोघांच्या सह्या झाल्यावरच चावी घ्या.